गढूळ नदीतून स्वच्छ पाणी काढणारा अभियंता

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीने हैदराबाद शहरात हाहाकार माजवला. हजारो माणसे वाहून गेली. नांदेड-नायगावचा मुलूख तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. हे संकट पुन्हा येऊ नये म्हणून निजाम सरकारने ज्या अभियंत्याला बोलावले, त्याचे शिक्षण पुण्यात झाले होते: मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

जन्म १५ सप्टेंबर १८६१, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळुरात शिकवण्या करून त्यांनी बी.ए. केले आणि संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, स्थापत्य शाखेला प्रवेश घेतला. १८८३ मध्ये एल.सी.ई. परीक्षेत ते पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि नाशिक, धुळे भागांत कामाला लागले.

त्यांची धरणे सर्वांना ठाऊक असतात, पण आरोग्याच्या दृष्टीने सिंधमधील सक्करचे काम अधिक मोलाचे. शहराला सिंधू नदीचे पाणी हवे होते, ते मात्र गाळाने भरलेले असे. गाळणीचे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणवली. वाळूच्या थरातून झिरपत आलेले पाणी तिथे निवळून मिळे आणि तेच पंपाने वर चढवता येई. नदीकाठच्या गावांत आजही पात्रात झरा उकरून पाणी भरतात. त्यामागचे तत्त्व हेच.

पुणे भागात आल्यावर कालव्याच्या पाण्याचा प्रश्न समोर आला. वरचे शेतकरी उसाला वारेमाप पाणी देत, खालच्यांना ते पुरत नसे, शिवाय पाणी साचून जमीन खराब होई. त्यांनी गटवार पाळीने पाणी देण्याची पद्धत सुचवली. शेतकऱ्यांनी आधी कडाडून विरोध केला, आणि तो समजण्यासारखा होता: हातातले पाणी सोडायला कोण तयार होईल? विश्वेश्वरय्यांनी बैठका घेऊन त्यांना पटवले. खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांनी आपोआप उघडझाप होणारी दारे बसवली. पूर आला की ती उघडत, ओसरला की मिटत. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. या दारांचे पेटंट त्यांच्या नावावर होते, पण सरकारी नोकरीत असताना मानधन घेणे त्यांना पटले नाही.

हैदराबादला १९०९ मध्ये येऊन त्यांनी पुराचा हिशेब मांडला. वरच्या पाणलोटातील लहान तलाव एकामागून एक फुटल्याने लोंढा वाढत गेला होता. नदीकाठी नुसत्या भिंती घालून भागणार नव्हते. शहराच्या वरच पूर अडवणारे जलाशय हवेत, आणि पूर सामावण्यासाठी त्यांत जागा मोकळी ठेवायला हवी. त्यातून पुढे मुसीवर उस्मानसागर आणि ईसा नदीवर हिमायतसागर उभे राहिले, आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. बंदिस्त गटारांची योजनाही त्यांनी तेव्हाच आखली होती. तिला मात्र बरीच वर्षे थांबावे लागले. जमिनीखालच्या कामाला पैसा मिळणे तेव्हाही अवघडच होते.

पुढे म्हैसूरचे मुख्य अभियंता, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली होती. हैदराबादच्या गटारांच्या कामासाठी ते दिवाणपद सोडल्यानंतरही पुन्हा त्या शहरात गेले होते.