चाळिसाव्या वर्षी कॉलेज

तुमच्या घरी पोळ्यांचं पीठ कुठून येतं? बहुतेक दुकानातून, मोठ्या पिशवीतून. मी लहान असताना आम्ही गहू डब्यात भरून गिरणीत न्यायचो. सायकलच्या कॅरिअरवर तो डबा धरून ठेवणं हे माझं काम. गिरणीवाल्या काकांचे केस, भुवया, शर्ट, सगळं पिठानं पांढरं झालेलं असायचं. त्यांच्याशी गणितावर बोलावं असं माझ्या कधी डोक्यातसुद्धा आलं नाही.

पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो. दुसऱ्या वर्षी गणिताचा एक अवघड पेपर होता, त्याला आम्ही ‘एम-थ्री’ म्हणायचो. त्यात ‘ग्रीनचं प्रमेय’ होतं. प्रमेय म्हणजे सिद्ध करून दाखवलेला गणितातला नियम. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरलो. हा ग्रीन कोण, हे मी विचारलंच नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं, की तो गिरणीवाला होता!

जॉर्ज ग्रीनचा जन्म १७९३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात झाला. वडिलांची बेकरी होती. जॉर्ज आठ वर्षांचा झाल्यावर वडिलांनी त्याला शाळेत घातलं. तो शाळेत किती दिवस गेला असेल? जेमतेम सव्वा वर्ष. नवव्या वर्षी शाळा सुटली आणि तो बेकरीत कामाला लागला. त्या काळात यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वडिलांचा धंदा चांगला चालला. १८०७ मध्ये त्यांनी शहराजवळ स्नीन्टन नावाच्या गावात टेकडीवर विटांची उंच पवनचक्की बांधली. पवनचक्की म्हणजे वाऱ्यावर चालणारी गिरणी. आपल्या गिरणीत बटण दाबलं की काम सुरू होतं. इथं तसं नाही. वारा आला की दळायचं, मग दिवस असो की रात्र. वारा पडला की थांबायचं. वाऱ्याची दिशा बदलली की पाती त्या बाजूला वळवायची. सोसाट्याचा वारा सुटला तर पाती आवरायची, नाहीतर सगळंच मोडायचं. जॉर्ज मोठा झाल्यावर हे काम त्याच्याकडे आलं. असं सांगतात, की गिरणीच्या वरच्या मजल्यावर बसून तो गणिताची पुस्तकं वाचायचा.

त्याला गणित शिकवलं कोणी? याची कुठे नोंद नाही. पण नॉटिंगहॅममध्ये जॉन टॉप्लिस नावाचे एक हेडमास्तर होते. फ्रान्सचे मोठे गणिती लाप्लास यांच्या पुस्तकाचा एक भाग त्यांनी इंग्रजीत आणला होता. त्यांनी जॉर्जला मदत केली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. हे महत्त्वाचं का? कारण त्या काळी गणितात फ्रान्स फार पुढे होता. इंग्लंडमध्ये लोक न्यूटनच्या जुन्या पद्धतीला धरून बसले होते. कलनशास्त्र, म्हणजे तुमचं कॅल्क्युलस, आधी न्यूटननं शोधलं की जर्मनीच्या लाइबनिट्झनं, यावर मोठं भांडण झालं होतं. त्या भांडणापायी इंग्लंडनं युरोपातल्या नव्या पद्धतीकडे शंभर वर्षं नीट पाहिलंच नाही. गिरणीवाल्या जॉर्जला मात्र या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं फ्रेंच गणित वाचलं.

१८२३ मध्ये तो नॉटिंगहॅमच्या एका वाचनालयाचा सभासद झाला. पाच वर्षांनी, १८२८ मध्ये, त्यानं स्वतःच्या खर्चानं एक पुस्तक छापलं. विषय होता वीज आणि चुंबक यांचं गणित. किंमत साडेसात शिलिंग. आधी पैसे भरून पुस्तक घेणारे पन्नासेक जण मिळाले. ते बहुतेक गावातलेच होते. त्यांतल्या किती जणांना ते पुस्तक समजलं असेल, देव जाणे.

पुस्तकात होतं काय? त्यातली एक कल्पना सांगतो. शांत तळ्यात एक थेंब पडला, तर पाणी कसं हलेल? हे तुम्हाला अगदी नेमकं माहीत आहे असं समजा. मग पाऊस आला. आता हजारो थेंब पडताहेत. घाबरायचं कारण नाही! पाऊस म्हणजे पुष्कळ थेंब. एका थेंबाचा परिणाम माहीत आहे, तर सगळ्यांची बेरीज करा. आज याला ‘ग्रीनचं फंक्शन’ म्हणतात. पूल, स्पीकर, अणू, भूकंप, अशा कितीतरी ठिकाणी ही युक्ती वापरली जाते.

दुसरी कल्पना आतल्या आणि काठावरच्या गोष्टींचं नातं सांगते. माझे काका मागच्या वर्षी मोबाईल हातात धरून शेताच्या बांधावरून चालत गेले. बांध म्हणजे शेताची कड. पूर्ण फेरी झाल्यावर ॲपनं सांगितलं, शेत इतके गुंठे आहे. काका शेताच्या आत गेलेच नव्हते! मग आतलं क्षेत्रफळ कसं कळलं? फक्त कडेवरून चालून आतलं मोजता येतं, हेच मी एम-थ्रीमध्ये पाठ केलेलं ग्रीनचं प्रमेय. आपण आज ते ज्या रूपात शिकतो, तसं ते त्याच्या पुस्तकात नाही. पण मूळ विचार तिथला आहे.

पुस्तक विकत घेणाऱ्यांमध्ये एक माणूस वेगळा होता. सर एडवर्ड ब्रॉमहेड. ते शेजारच्या परगण्यातले मोठे जमीनदार, स्वतः केंब्रिजमध्ये गणित शिकलेले. त्यांना पुस्तकाची किंमत कळली. त्यांनी जॉर्जला पत्र लिहिलं, की पुढे काही लिहिलंस तर मी ते मोठ्या संस्थांकडे पाठवीन.

आणि जॉर्जनं उत्तरच दिलं नाही! कोणीतरी त्याला सांगितलं, की मोठे लोक असं नुसतं बोलायचं म्हणून बोलतात, तू उलट पत्र पाठवणं बरं दिसणार नाही. त्यानं ते खरं मानलं. जवळजवळ दोन वर्षं तशीच गेली. मग १८३० मध्ये त्यानं धीर करून पत्र लिहिलं. ब्रॉमहेड खरोखरच मदत करायला तयार होते. मला या दोन वर्षांचं फार वाईट वाटतं. तुम्हाला कधी एखाद्या शिक्षकांनी ‘काही अडलं तर विचार’ असं सांगितलं आणि तुम्ही विचारलंच नाही, असं झालंय का? माझं झालंय.

मधल्या काळात, १८२९ मध्ये, जॉर्जचे वडील वारले. गिरणी आता त्याची झाली. हातात पैसे आले. ब्रॉमहेड यांच्या मदतीनं त्याचे आणखी लेख छापले गेले. मग ठरलं, केंब्रिजला जायचं. ऑक्टोबर १८३३ मध्ये जॉर्ज ग्रीन तिथल्या कीज कॉलेजात पहिल्या वर्षाला दाखल झाला. वय वर्षं चाळीस! वर्गातली बाकीची मुलं अठरा-वीसची. त्याला लॅटिन आणि ग्रीक फारसं येत नव्हतं, आणि तेव्हा त्याशिवाय चालत नसे. त्याची त्याला मोठी काळजी होती. पण तेही निभावलं. पहिल्या वर्षाचं गणिताचं बक्षीस त्यालाच मिळालं.

आज ज्याला आपण उपयोजित गणित किंवा अप्लाइड मॅथ्स म्हणतो, तसंच बरंचसं तिथं शिकवत. प्रकाश कसा वळतो, चंद्र कसा फिरतो, पाणी कसं वाहतं, हे सगळं गणितानं. शेवटची परीक्षा जानेवारीच्या थंडीत, अनेक दिवस चालायची. तिथं नवा विचार करायला वेळ नसे. गणितं भराभर सोडवायची, पाठ केलेलं झरझर लिहायचं. आपल्या बोर्डाच्या परीक्षेसारखंच म्हणा ना. ज्यानं आधीच नवं गणित शोधलं होतं, तो या परीक्षेत १८३७ मध्ये चौथा आला. त्याच वर्षी दुसरा आला जेम्स सिल्व्हेस्टर, पुढे तोही मोठा गणिती झाला. तो ज्यू होता. पदवीसाठी इंग्लंडच्या चर्चची तत्त्वं मान्य आहेत अशी सही करावी लागे. त्यानं ती केली नाही, म्हणून त्याला पदवीच दिली नाही.

पदवीनंतरची दोन-तीन वर्षं ग्रीनची सगळ्यांत चांगली. पाण्याच्या लाटा, आवाज, प्रकाश यांवर त्यानं लेख लिहिले. त्यातला लाटांचा नियम तर तुम्हीसुद्धा वापरू शकता. समुद्र उथळ होत गेला की लाट उंच होते. किती? समुद्र १६ पट उथळ झाला, की लाट दुप्पट उंच. म्हणजे चार हजार मीटर खोल पाण्यात त्सुनामीची लाट एक मीटरची असेल, तर अडीचशे मीटर खोलीवर ती दोन मीटरची होईल. मग सुमारे सोळा मीटर खोलीवर किती? करून बघा.

१८३९ मध्ये कॉलेजनं त्याला फेलो केलं. राहायला खोली, जेवण, पगार आणि विचार करायला मोकळा वेळ. पण फेलो व्हायला लग्न झालेलं चालत नसे. आता इथं एक गोष्ट सांगायची राहिली. गिरणीच्या मॅनेजरची मुलगी जेन स्मिथ आणि जॉर्ज यांना मुलं होती, शेवटी सात झाली. पण त्यांनी लग्न कधी केलं नाही. वडिलांना ते पसंत नव्हतं, असं म्हणतात. कागदावर जॉर्ज अविवाहित होता, म्हणूनच त्याला ती जागा मिळाली. तो केंब्रिजमध्ये, जेन आणि मुलं नॉटिंगहॅममध्ये. जेनला या सगळ्याचं काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

फेलोशिप त्याला फार दिवस मिळालीच नाही. १८४० मध्ये तो आजारी पडून घरी परतला आणि ३१ मे १८४१ रोजी वारला. वय ४७. गावातल्या लोकांना तो गिरणीवाला म्हणूनच माहीत होता. त्याचं एकही चित्र नाही. तो दिसायला कसा होता, हे आज कोणालाच माहीत नाही.

आणि ते पहिलं पुस्तक? ते कुठेतरी कपाटात पडून होतं. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन नावाचा वीस वर्षांचा मुलगा नुकताच केंब्रिजमधून पास झाला होता. त्यानं या पुस्तकाचं नाव कुठंतरी वाचलं होतं आणि तो ते दुकानांत शोधत होता. मिळेना. पॅरिसला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं आपल्या शिक्षकांना, हॉपकिन्स यांना, सहज विचारलं. त्यांच्याकडे चक्क प्रती होत्या! ज्या केंब्रिजमध्ये ग्रीन इतकी वर्षं राहिला, तिथंच. थॉमसननं ते पुस्तक पॅरिसला नेऊन मोठमोठ्या गणितज्ञांना दाखवलं, आणि नंतर जर्मनीच्या एका प्रसिद्ध गणिती मासिकात पुन्हा छापून आणलं. हाच थॉमसन पुढे लॉर्ड केल्विन झाला. तापमान मोजायचं केल्विन तुम्ही शाळेत शिकलाच असाल.

१९९३ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ग्रीनच्या नावाची फरशी बसवली. न्यूटनची कबर तिथंच आहे.

गिरणी १९४७ मध्ये आगीत जळाली होती. नंतर ती दुरुस्त केली, आणि आता तिथं वाऱ्यावर पुन्हा पीठ दळतात. जे इंग्लंडमध्ये राहतात त्यांनी आईबाबांना घेऊन जरूर जा. जिने अरुंद आहेत, डोकं सांभाळा. आम्ही तिथून एक पिशवी पीठ विकत आणलं होतं. पोळ्या जरा जाड झाल्या, पण लाटल्या मीच होत्या.