इंटरफेरॉनचे संशोधक डॉ. ॲलिक आयझॅक्स

एका विषाणूने ग्रासलेल्या पेशीला त्याच वेळी दुसऱ्या विषाणूची बाधा सहसा का होत नाही, हे विषाणुशास्त्रातील जुने कोडे. ते सोडविण्याचा मान डॉ. ॲलिक आयझॅक्स यांच्याकडे जातो.

आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. तेथेच वैद्यकीय शिक्षण घेऊन ते संशोधनाकडे वळले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट यांच्या हाताखाली त्यांनी इन्फ्लुएन्झाच्या विषाणूवर काम केले व नंतर लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ते रुजू झाले.

१९५६ मध्ये स्वित्झर्लंडचे तरुण शास्त्रज्ञ जाँ लिंडेनमान तेथे आले. दोघांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या आवरणाचे तुकडे उष्णतेने निष्प्रभ केलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूच्या संपर्कात ठेवले. नंतर ते धुऊन ताज्या द्रवात ठेवले. हा द्रव नव्या तुकड्यांना दिला असता त्यांच्यावर जिवंत विषाणूची मात्रा चालेना! म्हणजे संरक्षण देणारा पदार्थ पेशींनीच द्रवात सोडला होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात त्याला इंटरफेरॉन हे नाव देण्यात आले.

अनेक सहव्यावसायिकांनी या शोधाची थट्टा केली. पदार्थ अत्यल्प प्रमाणात मिळे, त्यामुळे त्याचे अस्तित्व सिद्ध करणे कठीण होते. याच काळात आयझॅक्स यांना नैराश्याच्या विकाराने गाठले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९६६ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. २६ जानेवारी १९६७ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. इंटरफेरॉन पूर्णतः शुद्ध स्वरूपात पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आयझॅक्स यांच्या दृष्टीने हा विषाणूंना अटकाव करणारा पदार्थ होता. पेशींमध्ये संदेशवहन करणाऱ्या सायटोकाइन या प्रथिनांच्या मोठ्या कुळातील तो एक आहे, हे पुढे उलगडले. इंटरफेरॉन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते, तेथून संकेत केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि ठरावीक जनुके कार्यान्वित होतात. मात्र प्रत्येक पेशी या संदेशाला आपापल्या परीने प्रतिसाद देते. अल्फा इंटरफेरॉनमुळे नैसर्गिक मारक पेशींची बाधित पेशी नष्ट करण्याची क्षमता वाढते. टी पेशींकडून येणारे गॅमा इंटरफेरॉन भक्षक पेशींना गिळलेले जंतू मारण्यास उद्युक्त करते. हाच संदेश प्रमाणाबाहेर गेला, तर ल्युपससारख्या विकारात शरीराचेच नुकसान होते.

१९८६ मध्ये अमेरिकेत अल्फा इंटरफेरॉनला रक्ताच्या एका कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. २०२० मध्ये गंभीर कोविड रुग्णांच्या अभ्यासात सुमारे १० टक्के रुग्णांच्या रक्तात, त्यांचेच इंटरफेरॉन निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली.