छप्पनच्या दुष्काळातले सयाजीराव

बडोद्याच्या मराठी घरांत श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव निघते ते ग्रंथालये, शाळा आणि राजवाड्याच्या निमित्ताने. दुष्काळातले महाराज क्वचितच आठवतात.

१८६३ मध्ये मालेगावजवळच्या कवळाणे गावी शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला. १८८१ मध्ये कारभार त्याच्या हाती आला.

१८९९ मध्ये, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या सुमारास, पावसाने दगा दिला. गुजरातेत तो काळ अजून 'छप्पनियो' म्हणून ओळखतात. गुरे चाऱ्यावाचून मेली, पाठोपाठ पटकी आली. महाराज स्वतः गावोगाव फिरले. त्या दौऱ्याची त्यांची टिपणे १९०१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. राज्याने दुष्काळी कामे काढली, बैल-बियाण्यासाठी तगाई दिली. तरीही १८९१ मध्ये सुमारे २४ लाख असलेली लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत साडेएकोणीस लाखांवर आली.

एवढी माणसे गेल्यावर पुन्हा उभे राहायचे, तर पुढच्या पावसाची वाट पाहून भागणारे नव्हते. अमरेली भागात १८९३ पासून चाललेले सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ मध्ये सर्व राज्यात लागू झाले. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून सहकारी पतसंस्थांना कायद्याचा आधार मिळाला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली.

१९३९ मध्ये महाराज गेले. उत्सवात त्यांच्या तसबिरीला हार घालताना छप्पनच्या साली दगावलेल्यांचीही आठवण ठेवू या.