रेव्ह. नारायण वामन टिळक आणि एकच शुभवर्तमान

सातारा व सांगली जिल्ह्यांतील मंडळ्यांत जाण्याचा प्रसंग आला म्हणजे सुवार्तिक बंधू आम्हांस एक प्रश्न हटकून विचारतात. नव्या करारात शुभवर्तमाने चार आहेत. पौल आपल्या पत्रांत माझे शुभवर्तमान असे शब्द योजितो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तर सुंता झालेल्यांसाठीचे शुभवर्तमान पेत्राकडे आणि सुंता न झालेल्यांसाठीचे पौलाकडे सोपविलेले दिसते. तेव्हा शुभवर्तमान एक की अनेक? त्यातच एखादा फिरता उपदेशक येऊन, डोंगरावरील प्रवचन केवळ यहूद्यांसाठी होते, तुम्हांस पौल पुरे, असे सांगून निघून जातो आणि मागे राहिलेल्या सुवार्तिकाची पंचाईत होते.

ह्या प्रश्नाचा विचार आम्ही आज एका पुरुषाच्या चरित्रावरून करणार आहो. हा पुरुष आयुष्याच्या अखेरीस साताऱ्यासच येऊन राहिला होता.

नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. नाशकास त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले, आणि नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची कन्या त्यांस दिली. ह्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आल्या. टिळकांचा स्वभाव मोठा अस्थिर. एका गावी व एका नोकरीत ते फार दिवस टिकत नसत. परंतु ह्या अस्थिरपणाच्या मुळाशी देशाची तळमळ होती. जातिभेदाने पोखरलेल्या ह्या लोकांस एकत्र बांधील असा धर्म कोणता, हा त्यांचा ध्यास होता.

१८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. काव्यावरून गोष्ट निघाली ती धर्मावर गेली, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली. टिळकांनी ती पहिल्या पानापासून वाचावयास घेतली. वंशावळी ओलांडून ते मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी आले मात्र, आणि तेथेच अडकले. डोंगरावरील प्रवचनाचे ते तीन अध्याय त्यांच्याने खाली ठेववेनात. जे प्रश्न ते कित्येक वर्षे शास्त्रांना विचारीत होते, त्यांची उत्तरे त्यांस तेथे मिळाली.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. ह्या तीन अध्यायांत वधस्तंभाचा उल्लेख नाही, पुनरुत्थानाचा नाही, आणि विश्वासाने नीतिमान ठरण्याविषयी पौलाने रोमकरांस जे समजावून सांगितले तेही त्या शब्दांत नाही. मग टिळकांनी वाचले ते शुभवर्तमान नव्हे काय? निराळे होते काय? आमचे मत असे की, ते प्रवचन जर नुसते नियम म्हणून वाचले, तर ते मोशेच्या नियमाहूनही जड आहे. डोळ्याने व मनाने केलेले पापसुद्धा ते मोजते, आणि ते वाचून कोणीही स्वतःस निर्दोष म्हणू शकत नाही. परंतु टिळकांच्या मनाला धरले ते बोलणाऱ्याने. नियमाच्या मागे उभा असलेला प्रभु त्यांस दिसला. आणि ज्याने डोंगरावर ते सांगितले तोच दुसऱ्या डोंगरावर टांगला गेला, हे त्याच पुस्तकात पुढे वाचावयास मिळाले. दार मत्तयाचे, आत भेटला तो पौलाचाच ख्रिस्त.

आमच्या मराठीत शुभवर्तमान हा शब्द संदेशासही लावितात आणि पुस्तकासही, त्यामुळे घोटाळा होतो. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांच्या मथळ्यांत मत्तयाप्रमाणे, मार्काप्रमाणे, असे शब्द आहेत. म्हणजे शुभवर्तमान एक, सांगणारे चार. पेत्र व पौल ह्यांचेही तसेच. त्याच अध्यायात याकोब, पेत्र व योहान ह्यांनी पौलास सहभागितेचा उजवा हात दिल्याचे लिहिले आहे, आणि करिंथकरांस पौल सांगतो की, मी असो किंवा ते असोत, आमची घोषणा हीच. वाटून घेतले ते श्रोते. निरोप वाटला नाही. कृष्णामाई वाईस, माहुलीस, कऱ्हाडास आणि सांगलीस निरनिराळ्या घाटांवर भेटते, म्हणून कोणी चार नद्या म्हणत नाही. (सगळ्या नद्या सागरास मिळतात हे आपले शेजारी सांगतात ती गोष्ट वेगळी; आम्ही येथे एकाच नदीविषयी बोलत आहो.)

पण टिळकांकडे वळू. वाचनानंतर बाप्तिस्म्यास जवळजवळ दोन वर्षे लागली. विश्वास मनात होता आणि पत्नी, मूल, जात ही समोर दिसत होती. अखेर १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई सुमारे साडेचार वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या परतल्या त्याही मत्तयाच्या वाटेने नव्हेत. जाती देवाने केल्या नाहीत, माणसाने केल्या, हा विचार त्यांच्या मनात उगवला, आणि ज्या हातचे पाणी विटाळाचे मानीत होत्या त्या हातचे त्यांनी घेतले. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका घरात दोन वाटांनी दोघे आली. तारणारा दोन नव्हते.

पुढे टिळकांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील सेमिनरीत शिकविले, १९०४ साली त्यांस पाळकपणाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ज्ञानोदयाचा मराठी भाग ते पाहत. त्यांची भजने आपण दर रविवारी गातो, म्हणून त्यांविषयी अधिक लिहीत नाही. कीर्तनाची देशी रीत त्यांनी ख्रिस्ताच्या सेवेस लाविली, आणि तुकोबांचे ऋण ते शेवटपर्यंत मानीत. ह्यामुळे काहींस शंका येई की, हे शुभवर्तमान तेच आहे की दुसरे. कपडा पालटला म्हणून माणूस पालटत नाही, हे त्या शंकेखोरांच्या ध्यानात आले नाही असे आम्हांस वाटते.

खरी अडचण निराळ्याच ठिकाणी होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडिला आणि साताऱ्यात राहून देवाचा दरबार स्थापिला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य बंधु म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची इच्छा होती. गावच्या प्रार्थनेस मागे दाराशी बसून ऐकणारा, घरी गुपचूप शास्त्र वाचणारा, भाऊबंदांच्या धाकाने पुढे न येणारा माणूस आपणा सर्वांस ठाऊक आहे. टिळक स्वतः दोन वर्षे तसे होते. त्यांस असा माणूस परका वाटला नाही.

ह्यात त्यांनी दुसरे शुभवर्तमान सांगितले काय? पौलाने गलतीकरांस ज्याबद्दल एवढे कडक लिहिले ते ख्रिस्ताच्या कृपेत भर घालण्याबद्दल. सुंतेची अट घातल्यावाचून परजातीयाचे तारण नाही, ह्या शिकवणीबद्दल. टिळकांनी कसलीही भर घातली नाही. मात्र बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, आणि ती त्यांनी दरबाराच्या दाराशी फार सैल सोडिली असे आमचे मत आहे. दाराशी बसलेल्यास आत या असे कोणी म्हटले नाही तर तो तेथेच म्हातारा होतो. ही त्यांची चूक आम्ही झाकीत नाही. तथापि ती शुभवर्तमानाची चूक नव्हे.

दरबारास दोन वर्षेही पुरती मिळाली नाहीत. १९१९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस मुंबईस टिळक प्रभूकडे गेले.

मागे ख्रिस्तायन हे महाकाव्य अपुरे राहिले होते. प्रभूचे सबंध चरित्र एका मराठी काव्यात गावे, हा त्याचा संकल्प. असा यत्न जुनाच आहे. दुसऱ्या शतकात ततियानाने चारही शुभवर्तमाने एकात विणली, व सूरियातील मंडळ्या पुष्कळ काळ तोच ग्रंथ वाचीत. पाचव्या शतकात थियोदोरेत नामक अध्यक्षाने त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून त्या जागी पुन्हा चार पुस्तके दिली. आम्हांस त्याचे करणे योग्य वाटते. चार साक्षी असताना एकाचीच जबानी का ठेवावी? काव्य मात्र शास्त्राची जागा मागत नाही, म्हणून टिळकांच्या ह्या कामास आमची हरकत नाही.

टिळकांच्या हातून दहाएक अध्याय झाले होते. उरलेले चौसष्ट लक्ष्मीबाईंनी लिहिले. लहानपणी त्यांस शाळा मिळाली नव्हती. लिहावयास त्या लग्नानंतर पतीपाशी शिकल्या होत्या. १९३६ साली त्या वारल्या आणि १९३८ साली ख्रिस्तायन छापून निघाले.