लिडिया कोइडुला : एस्टोनियाच्या पहाटेची कवयित्री



आज नकाशा उघडा आणि युरोपच्या उत्तरेकडे बघा. फिनलंडच्या दक्षिणेला, खाडी ओलांडली की रशियाला चिकटून एक छोटासा देश दिसेल. त्याचं नाव एस्टोनिया. लोकसंख्या तेरा लाखांच्या थोडी वर. या देशाच्या 100 क्रूनच्या नोटेवर 1992 पासून ते युरोचं चलन येईपर्यंत एका बाईचा चेहरा होता. ती राणी नव्हती की पंतप्रधान नव्हती. ती कवयित्री होती. आणि गंमत बघा, जिचा चेहरा पुढे घरोघरी खिशात फिरला, तिच्या पहिल्या दोन्ही पुस्तकांवर तिचं नावच छापलेलं नव्हतं!

तिचं नाव लिडिया कोइडुला. तसं हेही तिचं जन्मनाव नाही. ते तिला कसं मिळालं, ते पुढे येईलच. आधी तिचा काळ समजून घेऊ, नाहीतर या गोष्टीतलं वजन कळणार नाही.

लिडियाचा जन्म 24 डिसेंबर 1843 रोजी वेंद्रा या गावी झाला. तेव्हा एस्टोनिया नावाचा स्वतंत्र देश नव्हता. राज्य रशियाच्या झारचं, पण जमीन, चर्च, शाळा, कचेऱ्या सगळं जर्मन जमीनदारांच्या आणि शहरी जर्मनांच्या हातात. एस्टोनियन माणूस म्हणजे शेतावर राबणारा. पिढ्यानपिढ्या तो जमीनदाराच्या जमिनीला बांधलेला होता, म्हणजे भूदास होता. तिच्या भागातली ही भूदासपद्धत 1819 मध्ये कायद्याने संपली, पण जमीन मात्र जमीनदारांकडेच राहिली. शेतकऱ्यांना आडनावं मिळाली ती याच सुमारास. त्याआधी लोक एकमेकांना ओळखत ते नाव आणि शेत यांवरून. शिकून वर यायचं असेल तर जर्मन शिकायची, जर्मन बोलायची, आणि हळूहळू जर्मनच होऊन जायचं, असा रिवाज होता. एस्टोनियन ही चुलीजवळची आणि गोठ्यातली भाषा. तिच्यात कविता होऊ शकते, असं शिकलेल्यांपैकी फार थोड्यांना वाटत असे.

लिडियाचे वडील योहान वोल्देमार यान्सेन हे वेंद्रा गावात चर्चमधली गाणी सांगायचे आणि मुलांना शिकवायचे. त्यांचा जन्म नेमका 1819 चा. गिरणीवाल्याचा हा मुलगा मोठा खटपटी होता. 1850 मध्ये ते कुटुंबासह पार्नू या बंदराच्या गावी आले, तिथल्या शाळेत मास्तर झाले आणि 1857 मध्ये त्यांनी एस्टोनियन भाषेतलं साप्ताहिक काढलं. तोवर हे लोक स्वतःला नुसतं भूमीवरची माणसं म्हणवून घेत. यान्सेन यांनी पहिल्याच अंकात वाचकांना एस्टोनियन जनता म्हणून हाक मारली. एक शब्द बदलला, पण त्या शब्दाने माणसं स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघू लागली.

या घरात लिडिया वाढली. आता इथे एक विरोधाभास आहे, तो नीट लक्षात ठेवा. वडील एस्टोनियन भाषेचे पुरस्कर्ते, पण आई जर्मन बोलणाऱ्या कुटुंबातली. घरात जर्मन चाले. लिडिया शिकली ती पार्नूच्या मुलींच्या शाळेत, तीही जर्मन माध्यमाची. 1862 मध्ये तिने तार्तू विद्यापीठात घरगुती शिक्षिकेची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. परीक्षा देता येई, पण त्याच विद्यापीठात विद्यार्थिनी म्हणून बसता येत नसे, कारण मुलींना प्रवेश नव्हता. प्रमाणपत्र हाती होतं, कुठल्यातरी श्रीमंत जर्मन घरात मुलांना शिकवायला ती जाऊ शकली असती. ती गेली नाही. वडिलांच्या वर्तमानपत्राच्या टेबलाशी जाऊन बसली.

काही वर्षांतच यान्सेन कुटुंब तार्तूला आलं आणि 1864 पासून तिथून नवं साप्ताहिक निघू लागलं. या साप्ताहिकातलं लिडियाचं काम म्हणजे वडिलांना थोडीफार मदत, असं समजू नका. ती लेख लिहायची, भाषांतरं करायची, आलेला मजकूर दुरुस्त करायची, कथा आणि कविता द्यायची. नाव मात्र वडिलांचं. चांगल्या घरच्या मुलीने लिहिणं, तेही छापून येण्यासाठी लिहिणं, हे तेव्हा शोभेचं मानत नसत. तिच्या चरित्रांत तिच्या कवितांवर पानंच्या पानं असतात आणि या कामावर दोन ओळी. मला विचाराल तर तिची खरी शाळा हीच होती. दर आठवड्याला शेतकऱ्याला समजेल अशा एस्टोनियनमध्ये मजकूर भरायचा म्हणजे भाषा वळवावीच लागते.

1866 मध्ये तिचं पहिलं पुस्तक आलं. नाव साधं, कुरणातली फुलं असा त्याचा अर्थ. सरळ सांगायचं तर त्यातल्या बऱ्याचशा कविता जर्मन कवितांवरून बेतलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी, 1867 मध्ये, दुसरं पुस्तक आलं. तार्तूमधून वाहणाऱ्या नदीचं नाव एमायोगी, आणि पुस्तकाचं नाव त्या नदीवरचा बुलबुल. आकाराने लहान, पण या पुस्तकाने सगळं बदललं. त्यात गाव, आई, शेत, भाषा आणि मातृभूमी यांच्यावरच्या कविता होत्या. मातृभूमी म्हणजे कुणा राजाचा मुलूख नव्हे, आपण ज्या मातीत राबतो ती, असा त्यांचा सूर होता. आजही एस्टोनियात तिला एमायोगीचा बुलबुल म्हणतात. दोन्ही पुस्तकांवर लेखिकेचं नाव नव्हतं.

मग कोइडुला हे नाव आलं कुठून? त्याच काळात कार्ल रॉबर्ट याकोबसन हा तरुण शिक्षक शाळेतल्या मुलांसाठी वाचनाचं पुस्तक तयार करत होता. त्यात त्याला या कविता घ्यायच्या होत्या आणि कवितेखाली नाव तर हवं. एस्टोनियन भाषेत पहाटेला कोइट म्हणतात. त्यावरून त्याने तिला कोइडुला हे नाव दिलं, म्हणजे पहाटेच्या प्रदेशातली. एका शिक्षकाने, मुलांच्या वाचनमालेसाठी दिलेलं हे नाव! शिक्षक म्हणून मला ही गोष्ट विशेष आवडते, ते असो.

याच वर्षी तिचा एका मोठ्या माणसाशी पत्रव्यवहार सुरू झाला. फ्रीडरिख राइनहोल्ड क्रॉइट्सवाल्ड हे व्होरू गावचे डॉक्टर. लोककथा आणि लोकगीतं जुळवून त्यांनी एस्टोनियन लोकांचं महाकाव्य रचलं होतं. ते तिच्याहून चाळीस वर्षांनी मोठे. सहा-सात वर्षं दोघं एकमेकांना लिहीत राहिले, भाषेबद्दल, कवितेबद्दल, लोकांच्या भवितव्याबद्दल. आणि ही पत्रं बहुतेक जर्मनमध्ये आहेत! एस्टोनियन साहित्य ज्यांनी उभं केलं त्या दोघांना मनातलं सांगायला जर्मनच जवळची वाटत होती. यावर हसू नका. ज्या भाषेत शाळा शिकलो त्या भाषेत विचार येतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यातून बाहेर येऊन तिने कवितेसाठी वेगळी भाषा निवडली. त्या निवडीला किती कष्ट पडले असतील, ते या पत्रांवरून कळतं.

आता 1869 कडे येऊ. भूदासपद्धत संपून पन्नास वर्षं झाली होती. त्या निमित्ताने यान्सेन यांच्या पुढाकाराने तार्तूत पहिला गीतमहोत्सव भरला. गावोगावचे शेतकरी, मास्तर आपापली गायनमंडळं आणि वाद्यवृंद घेऊन आले. गाणारे-वाजवणारे साडेआठशेच्या आसपास, ऐकणारे हजारोंनी. जर्मन गाणी आणि चर्चमधली गाणी यांचाच भरणा होता. त्यात एस्टोनियन रचनाकाराची गाणी मोजून दोन, दोन्हींना चाल अलेक्सांदर कुनिलाइड यांची आणि दोन्ही कविता कोइडुलाच्या. याच महोत्सवात यान्सेन यांनी लिहिलेलं मातृभूमीचं गीतही गायलं गेलं, फिनलंडमधल्या पात्सियुस या संगीतकाराच्या चालीवर. बापाचं एक गाणं, लेकीची दोन. ही तीन गाणी विसरू नका, ती पुन्हा येणार आहेत.

आणि हे बघा. त्या महोत्सवात गायला फक्त पुरुषांची मंडळं होती. तिचे शब्द शेकडो पुरुषांनी एका सुरात म्हटले. ज्यांनी म्हटले त्यांच्यात एकही बाई नव्हती.

पुढच्या वर्षी तिने नाटकात हात घातला. तार्तूत वानेमुइने नावाची गायनसंस्था होती, तीही यान्सेन यांनीच 1865 मध्ये काढलेली. 24 जून 1870 रोजी तिथे कोइडुलाचं एक प्रहसन झालं. मूळ कल्पना जर्मन नाटकाची, पण पात्रं, गाव, बोली सगळं इथलं. एस्टोनियन रंगभूमीचा आरंभ याच दिवसापासून मोजतात. नाटक लिहिणारी आणि बसवणारी बाई, पण रंगमंचावर बाईने उभं राहायची सोय नव्हती, म्हणून स्त्रीपार्ट पुरुषाने केला. 1872 मधलं तिचं विनोदी नाटक तर पूर्ण तिचं स्वतःचं होतं. दोन शेजारी शेतकऱ्यांचं भांडण, त्यात अडकलेली तरुण जोडी, आणि परगावच्या माणसाबद्दलचे फुकटचे ग्रह. ते आजही एस्टोनियात खेळलं जातं.

इथवर तिचं वय अठ्ठावीस. नाव झालं होतं. आणि इथेच गोष्ट वळते.

1873 मध्ये तिने एदुआर्ड मिखेलसन या डॉक्टरशी लग्न केलं. तो लात्व्हियन कुटुंबातला, तार्तूत शिकलेला, घरची भाषा जर्मन. त्याची नोकरी क्रॉनश्टाटला. हे सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटावरचं रशियन आरमाराचं ठाणं. आजूबाजूला सैनिक, जहाजं, किल्ले, आणि कानावर रशियन. घरात पुन्हा जर्मन. क्रॉइट्सवाल्ड यांच्याशी पत्रव्यवहारही त्याच वर्षी थांबला. कवयित्रीने आपल्या लोकांना सोडलं, असा बोल तिला लागला.

हा बोल मला पटत नाही. एखादा पुरुष लेखक नोकरीसाठी परगावी गेला तर त्याला कुणी पळपुटा म्हणत नाही. शिवाय ती गेली म्हणून लिहायची थांबली असंही नाही. संसार होता, 1874 ते 1878 या काळात तीन मुलं झाली, नवऱ्याच्या अभ्यासासाठी ब्रेसलाऊ, स्ट्रासबुर्ग, व्हिएन्ना अशी फिरती झाली. तरी कविता येत राहिल्या. फक्त त्यांचा सूर बदलला. आधीच्या कवितांत सगळ्यांना जागं करणारी हाक होती. आताच्या कवितांत माहेरापासून तुटलेली बाई आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत माहेराची वाट जशी संपत नाही, तशी तिच्या कवितेतली एस्टोनियाची वाटही संपत नाही. फरक इतकाच, की हिचं माहेर म्हणजे एक अख्खा देश.

तिकडे माहेरीही सगळं ठीक नव्हतं. वडील जर्मन जमीनदारांकडून गुपचूप पैशांची मदत घेतात, हे बाहेर आलं. ज्याने तिला नाव दिलं तो याकोबसन वडिलांच्या विरोधात उभा राहिला. 1880 मध्ये वडिलांना पक्षाघात झाला आणि त्यांचं वर्तमानपत्रातलं काम संपलं.

कोइडुलाला स्तनाचा कर्करोग झाला. त्या काळी त्यावर फारसा इलाज नव्हता. शेवटच्या दुखण्यातही तिने एस्टोनियाला उद्देशून निरोपाची कविता लिहिली. 11 ऑगस्ट 1886 रोजी क्रॉनश्टाटमध्ये ती वारली. वय बेचाळीस. तिच्यामागे वडील आणखी चार वर्षं जगले. तिला तिथेच पुरण्यात आलं. 1869 मध्ये गायल्या गेलेल्या तिच्या एका गाण्याच्या शेवटी मातृभूमीच्या कुशीत झोपण्याची इच्छा आहे. ती इच्छा काही त्या वेळी पुरी झाली नाही.

आता त्या गाण्यांचं पुढे काय झालं ते बघू. 1918 मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि यान्सेन यांचं गीत राष्ट्रगीत झालं. 1940 मध्ये सोव्हिएत सत्ता आली आणि ते गीत म्हणायला बंदी झाली. बापाचं गाणं बंद झालं. 1944 मध्ये गुस्ताव एर्नेसाक्स या संगीतकाराने लेकीच्या त्याच कवितेला, कुशीत झोपण्याची इच्छा असलेल्या कवितेला, नवी चाल लावली. 1946 मध्ये कोइडुलाच्या अस्थी क्रॉनश्टाटहून आणून टालिन शहराच्या वनातल्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. पुढच्याच वर्षी त्याच शहरात भरलेल्या गीतमहोत्सवात ही नवी चाल गायली गेली.

पुढे हे गाणंही कार्यक्रमातून काढून टाकलं गेलं. 1960 च्या महोत्सवात ते यादीत नव्हतं. ठरलेली गाणी संपली, पण लोक घरी गेले नाहीत. त्यांनी आपणहून तेच गाणं सुरू केलं. आता त्या गायनमंडळांत बायकाही होत्या.