ट्रामगाडी येणार म्हणून वेधशाळा अलिबागला हलवली; सूर्याच्या वादळांचा हिशोब ठेवणारे नानाभॉय मूस

भोर/वेल्हे : १० मे २०२४ च्या रात्री सूर्याकडून आलेलं मोठं वादळ पृथ्वीवर धडकलं. लडाखमध्ये हानलेचं आकाश तांबडं झालं. तोरणा-राजगडावरून डोळ्यांना काही दिसलं नाही, पण चुंबकसुईला ते जाणवलं. वरंधा घाट उतरला की लागणाऱ्या रायगड जिल्ह्यात, अलिबागला, अशी सुई रात्रंदिवस पाहणारी वेधशाळा आहे. ती तिथं आली नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या काळात.

मूस पारशी घराण्यातले, जन्म १८५९ चा. योगायोग असा, की त्याच वर्षी १-२ सप्टेंबरला माहितीतलं सगळ्यात जबर सौर वादळ आलं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या माणसांनी डोळ्यांनी सुई वाचून ते वहीत उतरवलं. पुढे एडिंबरोला शिकून आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे प्रमुख झाले. पहिले भारतीय संचालक म्हणून त्यांचं नाव घेतात.

वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी १८४१ पासूनच्या. पण मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि पंचाईत झाली. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो आणि थोडा जमिनीतही झिरपतो. त्याने सुई हलली, तर ती सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, हे सांगणार कोण? साठ वर्षांच्या मेहनतीची साखळी तुटायची वेळ आली होती.

मग जागा शोधली अलिबागची. इमारत बांधताना लोखंड टाळलं, कारण लोखंड म्हटलं की सुई तिकडे ओढली जाणार. १९०४ मध्ये तिथं काम सुरू झालं. नुसतं सामान उचलून नेलं असतं तर जुन्या आकड्यांशी नव्यांचा मेळ बसला नसता. म्हणून कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे १९०६ पर्यंत एकाच वेळी नोंदी घेतल्या. नव्या तराजूत माल घालण्याआधी जुन्याशी ताडून बघावा, तसंच. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये. मूस यांचं सगळ्यात मोलाचं काम हेच म्हणावं लागेल.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ च्या नोंदी दोन जाडजूड खंडांत छापल्या. बरीच वादळं एकत्र मांडून सरासरी काढली, तेव्हा एक चाल दिसली. आधी चुंबकीय जोर एकदम थोडा वाढतो, मग कित्येक तास खाली जातो आणि नंतर हळूहळू सावरतो. असं का होतं, याचा उलगडा त्यांच्या हयातीत पुरता झाला नाही. १९१९ ला ते निवृत्त झाले, १९३६ ला वारले.

कारण नंतर कळलं. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो, सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने. पृथ्वीचं चुंबकत्व त्याला सूर्याच्या बाजूला साठेक हजार किलोमीटरवर थोपवून धरतं. वाऱ्याचा दाब अचानक वाढला की ही ढाल आत दबते. जोराच्या वादळात ती टीव्हीचे उपग्रह फिरतात त्या ३६ हजार किलोमीटरच्याही आत येते. ढाल दबली की सुईवरचा जोर वाढतो. मूस यांच्या सरासरीतली पहिली उडी ती हीच. त्यानंतर पृथ्वीभोवती भारित कणांचं कडं जोर धरतं आणि सुईवरचा जोर घटतो. गंमत म्हणजे त्या कड्यातले सगळे कण सूर्याचे नसतात. वादळात ध्रुवांकडच्या वरच्या हवेतून आपलाच ऑक्सिजन भारित होऊन वर उसळतो आणि कड्यात सामील होतो. वरची हवा अशी ढवळली की मोबाइलवरचं जीपीएसचं ठिकाण चुकू शकतं.

मे २०२४ च्या वादळात जगातल्या चार केंद्रांच्या सरासरीने ही घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला भरली. कुलाब्याच्या १८५९ च्या वहीतली घट होती सुमारे १६००. एका ठिकाणचा आकडा आणि चार ठिकाणची सरासरी यांची तुलना तंतोतंत होत नाही, तरी अंदाज येतो. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या जुन्या नोंदीचा अभ्यास जगापुढे मांडला. अलिबागची सुई आजही वाचली जातेच आहे.