हार्टफर्डचा शस्त्रकार सॅम्युएल कोल्ट

जुन्या वस्तूंचा संग्रह करणारे रसिक जगात पुष्कळ आहेत; पण टोपीच्या जमान्यातील नक्षीदार रिव्हॉल्वरांमागे लागलेल्या संग्राहकांचे वेड काही निराळेच असते. त्यांच्या मुखी ज्या एका पुरुषाचे नाव वारंवार येते, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

सॅम्युएल कोल्टचा जन्म अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात, हार्टफर्ड गावी, १९ जुलै १८१४ रोजी झाला. आईचे छत्र बालपणीच हरपले. शाळेत त्याचे मन रमले नाही. १८३० साली, अवघ्या सोळाव्या वर्षी, तो कॉर्व्हो नामक गलबतावर खलाशी म्हणून निघाला आणि थेट आपल्या कलकत्त्यापर्यंत आला. ह्याच सफरीत त्याने फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला, असे सांगतात. फिरत्या चक्राची हत्यारे त्यापूर्वीही होती. कोल्टचे श्रेय ते यंत्र खात्रीचे व कारखान्यात घाऊक बनण्याजोगे करण्यात आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

नमुन्याला भांडवल हवे. ते उभे करण्यासाठी ह्या पोराने डॉक्टर म्हणून खोटेच नाव लावले, न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता ह्या शहरांची बिरुदे त्यास जोडली आणि गावोगाव हसविणाऱ्या वायूचे खेळ केले! कलकत्त्याच्या वारीचा असा उपयोग करणारा दुसरा कोणी आमच्या ऐकिवात नाही.

१८३६ साली अमेरिकन पेटंट मिळाले. पॅटर्सन येथे कारखाना निघाला, पण १८४२ मध्ये तो बुडाला. त्याच वर्षी त्याचा भाऊ जॉन, खुनाच्या आरोपाखाली फाशीची शिक्षा झालेला, ठरल्या दिवशीच तुरुंगात आत्महत्या करून मेला. हा काळ कोल्टने पाण्याखालील सुरुंगांच्या प्रयोगांत काढला. पुढे मेक्सिकोचे युद्ध सुरू झाले व टेक्ससचे कॅप्टन वॉकर ह्यांच्या प्रयत्नाने १८४७ मध्ये एक हजार रिव्हॉल्वरांची मागणी आली. स्वतःचा कारखाना नसल्यामुळे ती दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यावी लागली. तेथून भाग्य उघडले.

ह्या रिव्हॉल्वरांची रीत अशी : चक्राच्या प्रत्येक कप्प्यात दारू व गोळी ठासावयाची, मागील बोंडावर तांब्याची लहानशी टोपी बसवावयाची, चाप ओढताच घोडा टोपीवर आपटे व बार उडे. चक्राभोवती वॉटरमन ऑर्म्सबी ह्या कोरीवकाराच्या साच्याने लढाईचे दृश्य उमटविलेले असे. १८५१ च्या नेव्ही रिव्हॉल्वरवर १८४३ सालची कँपेचेची नाविक झुंज आहे. हे दृश्य साच्याचे, प्रत्येक प्रतीवर सारखेच. हाताने कोरलेली वेलबुट्टी मात्र मोजक्याच हत्यारांना लाभे, आणि संग्राहकांचा जीव तिच्यातच अडकलेला असतो. म्हणूनच साध्या जुन्या हत्यारावर नवी नक्षी कोरून ते विकणारे ठकही निपजले. खंडेनवमीस जुने शस्त्र राखेने घासून लखलखीत करण्याची हौस आपल्याकडे आहे. संग्राहक ती पाहील तर कपाळावर हात मारील, कारण मूळचा रंग व नक्षीची धार एकदा गेली की शस्त्राचे मोलही गेले.

राजेरजवाड्यांना भेटी देण्यात कोल्टचा हात सढळ होता. जर्मनीतून आलेले गुस्टाव्ह यंग ह्यांच्यासारखे कारागीर त्याच्या पदरी होते. सोन्याचे जडावकाम केलेल्या एका जोडीपैकी एक रिव्हॉल्वर तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल मजीद ह्यास गेले. दुसरे १८५४ मध्ये रशियाचा झार निकोलस ह्यास. सुलतानाच्या रिव्हॉल्वरवर जॉर्ज वॉशिंग्टनची सुवर्णप्रतिमा आहे. हे दोघे राजे त्या वेळी एकमेकांशी लढत होते! शत्रू खरेदी करीत आहे असे प्रत्येकाच्या कानी घालून दोघांकडे माल खपविणे, ही कोल्टची युक्ती प्रसिद्ध आहे. तिचे चातुर्य आम्ही नाकारीत नाही. पण कौतुक करण्यास लेखणी धजत नाही.

१८५६ मध्ये एलिझाबेथ जार्व्हिस हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसारसुख अल्पच, अपत्यांपैकी कॉल्डवेल हा एकच पुत्र वाढला. अमेरिकेतील यादवी युद्ध भडकले असता, १० जानेवारी १८६२ रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी कोल्ट मरण पावला. १८६४ मध्ये आगीने कारखान्याचा मोठा भाग भस्म केला. एलिझाबेथने तो पुन्हा उभारविला. १८९४ मध्ये पुत्रही गेला.

मागे एकटी उरलेली ही स्त्री पतीने जमविलेली शस्त्रे जपत राहिली. १९०५ मध्ये तिच्या निधनानंतर तिच्या मृत्युपत्रान्वये ती हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम ह्या संग्रहालयास मिळाली. सुलतानाचे रिव्हॉल्वर आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, झारचे रशियातील हर्मिटाजमध्ये. एका हाताने कोरलेली ती जोडी अद्याप दोन देशांत विभागलेलीच आहे.